ज्या गोष्टीपायी घर सोडलं

डिसेंबर जवळ आला की आमच्या ऑफिसात प्रत्येक टीमचा एक तरी व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो. नाव 'थाय ट्रिप' किंवा 'व्हिएतनाम फायनल' असं काहीतरी. मिहानमधून संध्याकाळी सुटणाऱ्या बसमध्ये मग हॉस्टेलच्या बेडचे भाव, क्राबीचे बीच, हनोईच्या गल्ल्यांमधलं खाणं, बँकॉक कोलकात्याहून स्वस्त पडतं की मुंबईहून, असे विषय रंगतात. चाळीस लिटरची बॅग, दहा दिवस, तीन देश. आणि वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की कोणीतरी हमखास म्हणतो, "एक दिवस सगळं सोडून निघून जाऊ बे."

सगळं सोडून निघून जाणं ही आपल्याकडची फार जुनी कल्पना आहे. इन्स्टाग्रामनं तिला फक्त मागे गाणं लावलं. मला इथे अशा एका माणसाबद्दल लिहायचं आहे, जो तेविसाव्या वर्षी खरोखरच निघाला, खिशात जवळपास काही नसताना काशी, नेपाळ, सिलोन, मद्रास आणि ब्रह्मदेश असा फिरला, आणि जवळजवळ सात वर्षांनी घरी परतला. तो गोव्याचा होता. अर्धं जग पाठीवर बॅग टाकून ज्या गोव्यात येतं, तिथून तो बाहेर पडला.

धर्मानंद दामोदर कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गाव सांकवाळ, पोर्तुगीज गोवा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी रात्री जागवलेल्यांना हे गाव दुसऱ्या कारणानं माहीत असेल: बिट्स पिलानीचा गोवा कॅम्पस सांकवाळजवळच, झुआरीनगरला आहे. आणि गणित किंवा इतिहासात रस असेल तर कोसंबी म्हटल्यावर आधी मुलगा आठवतो, दामोदर धर्मानंद ऊर्फ डी. डी. कोसंबी. मलाही तोच आधी माहीत होता. बाप नंतर भेटला, 'निवेदन' या त्याच्या आत्मचरित्रातून. ते १९२४ साली आलं, आणि २०११ मध्ये त्यांची नात मीरा कोसंबी यांनी इंग्रजीत आणलं.

घरची नारळाची बाग होती. शिक्षण जेमतेम, तेही मराठी. चौदाव्या वर्षी लग्न झालं, बायकोचं नाव बाळाबाई. पुढचं सगळं आयुष्य नारळाच्या हिशेबात जायचं, असंच ठरलेलं होतं. त्या काळात विनायक कोंडदेव ओक 'बालबोध' नावाचं मुलांचं मासिक काढत असत. त्यात आलेलं बुद्धाचं चरित्र कोसंबींच्या वाचनात आलं. मुलांच्या मासिकातला एक लेख, बस. पण तो डोक्यातून जाईना. अजून वाचावं तर पुस्तक नाही, विचारावं तर कोणाला? त्या वेळच्या गोव्यात बौद्ध धर्माबद्दल चार वाक्यं सांगू शकेल असा माणूस त्यांच्या आसपास नव्हता.

१८९९ मध्ये त्यांना पहिली मुलगी झाली, माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीस कोसंबी घरातून निघाले.

इथे जरा थांबायला हवं, कारण हा साचा आपल्या ओळखीचा आहे. तरुण नवरा, तान्हं मूल, आणि जगाच्या दुःखाचं उत्तर शोधायला घराबाहेर पडलेलं पाऊल. शाळेच्या पुस्तकात, चित्रकथेत, टीव्हीवर आपण हे पाहिलेलं असतं: म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं, मग मध्यरात्र, झोपलेली यशोधरा, तिच्या कुशीत राहुल, दारात कंथक घोडा आणि छन्न सारथी. कोसंबींनी मुद्दाम नक्कल केली असं मी म्हणणार नाही. पण एखादी गोष्ट इतकी आवडली की तिचा आकारही आपल्या आयुष्याला येतो. ही रात्रीची गोष्ट लक्षात असू द्या. चाळीस वर्षांनी कोसंबी स्वतःच ती उलटी तपासणार आहेत.

पहिला मुक्काम पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. मग इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असं करत काशी. बौद्ध ग्रंथ वाचायचे तर आधी संस्कृत आलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. काशीत संस्कृत शिकायला पैसे लागत नसत. ब्राह्मण असणं लागत असे. पाठशाळेत विद्या फुकट, अन्नछत्रात जेवण फुकट. कोसंबींचे काशीतले दिवस अत्यंत हालाचे होते, तरी ते तिथे टिकले ते या व्यवस्थेमुळे.

आपण ज्याला बजेट ट्रॅव्हल म्हणतो त्याचं एक प्रचंड जाळं हॉस्टेलं यायच्या कितीतरी आधी या खंडात पसरलेलं होतं. धर्मशाळा, मठ, छत्रं, विहार. त्याला ॲप नव्हतं, पण लॉगिन होतं, आणि ते जन्मानं मिळायचं. कोसंबींहून अडीच-तीन वर्षांनी लहान असलेले किसन फागूजी बनसोड नागपूरजवळच्या मोहप्याचे. कवी, पत्रकार, अस्पृश्यांच्या मुलामुलींसाठी शाळा काढणारे. जिज्ञासा किंवा जिद्द यात ते कोसंबींहून काडीनंही कमी नव्हते. पण ते असेच रिकाम्या खिशानं काशीला निघाले असते, तर प्रवास पहिल्याच पंगतीच्या दारात संपला असता. कोसंबींचं धाडस यानं लहान होत नाही. पण 'पैसे नव्हते' आणि 'काहीच नव्हतं' यात फरक असतो, आणि प्रवासवर्णनांमध्ये तो फरक नेहमी गाळला जातो.

१९०२ च्या सुरुवातीला ते नेपाळला गेले. बुद्धाचा जन्म तिकडचा, म्हणजे धर्मही तिकडे जिवंत असणार, अशी आशा. काठमांडूत जे दिसलं त्यात त्यांना हवं ते सापडलं नाही. परत बोधगया. तिथे कळलं की पाली ग्रंथ शिकायचे तर सिलोन गाठावं लागेल. म्हणजे बुद्ध जिथे जन्मला, जिथे त्याला बोध झाला, तिथे त्याचे शब्द शिकवणारं कोणी उरलेलं नव्हतं. ते समुद्रापलीकडे होते.

कोलंबोच्या माळिगाकंद भागात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये विद्योदय परिवेण सुरू केलं होतं. कोसंबी तिथे पोहोचले, श्रामणेर झाले, सिंहली लिपी शिकले, पालीला लागले. पुढे तिथलं अन्न मानवेना, प्रकृती बिघडली, आणि १९०३ मध्ये ते मद्रासला आले. तिथून ब्रह्मदेश.

सिलोन आणि ब्रह्मदेश यांच्यातल्या एका जुन्या प्रवासाबद्दल इथेच सांगतो, कारण तो मला कोसंबींच्या प्रवासाइतकाच महत्त्वाचा वाटतो. सिलोनच्या संघातही जात शिरली होती. अठराव्या शतकात सयामहून भिक्षू बोलावून तिथली उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू केली गेली, तिला सयाम निकाय म्हणतात. थोड्याच वर्षांत त्यात फक्त वरच्या मानलेल्या गोविगम जातीच्या लोकांनाच भिक्षू करून घ्यायचं असं ठरलं. ज्यांना दार बंद झालं, त्यांच्यातले वेलितर ज्ञानविमलतिस्स नावाचे श्रामणेर १७९९ मध्ये काही जणांना घेऊन जहाजावर चढले, थेट ब्रह्मदेशाच्या राजधानीत, अमरपूरला गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन वेगळा संघ उभा केला. त्याचं नावच अमरपूर निकाय. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडणं, असं आपल्याकडे सांगितलं जात होतं, त्या काळात शेजारच्या बेटावरची माणसं जातीचं कुलूप उघडायला समुद्र ओलांडत होती.

कोसंबींच्या वेळचा ब्रह्मदेश म्हणजे कागदोपत्री परदेश नव्हता. १ एप्रिल १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. व्हिसाचा प्रश्नच नव्हता. 'आग्नेय आशिया' हा शब्दही तेव्हा लोकांच्या तोंडी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, दोस्त राष्ट्रांनी माउंटबॅटनच्या हाताखाली साउथ ईस्ट एशिया कमांड काढली, त्यानंतर तो नकाशावर पक्का बसला. मद्रास आणि कलकत्त्याहून आगबोटी रंगूनला जात. डेकवर दाटीवाटीनं बसलेले मजूर, हमाल, चेट्टियार सावकारांचे कारकून, शिपाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगूनच्या लोकसंख्येत जवळजवळ अर्धे लोक हिंदुस्थानातून आलेले होते. तेलुगू, तमिळ, बंगाली, हिंदुस्थानी, सगळं रस्त्यावर ऐकू यायचं. सिंगापूरच्या लिटल इंडियात आज आपण कौतुकानं फोटो काढतो. रंगूनमध्ये तेव्हा उलट स्थानिक माणसालाच आपलं शहर शोधावं लागत असे, आणि त्याचा राग पुढे १९३० च्या दंगलीत बाहेर आला.

आणखी एक गंमत. गंमत म्हणवत नाही खरं तर. १८८५ च्या अखेरीस इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजा थिबाला पकडलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. म्हणजे कोकणपट्टीतला एक तरुण ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून फिरत होता, तेव्हा ब्रह्मदेशाचा राजा कोकणात समुद्राकडे बघत कैदेत बसलेला होता. तो १९१६ मध्ये तिथेच मेला. रत्नागिरीला गेलात तर थिबा राजवाडा पाहता येतो. दोघांच्या मध्ये तोच एक समुद्र, पण एकाला त्यानं वाट दिली आणि दुसऱ्याला भिंत घातली.

कोसंबी ब्रह्मदेशात दोनदा राहिले. मधल्या काळात ते उत्तर हिंदुस्थानातल्या बौद्ध स्थळांना जाऊन आले, कुशीनगरला महावीर भिक्षूंकडे राहिले. कुशीनगरचा धागा सोडू नका, तो नागपूरपर्यंत येतो.

ब्रह्मदेशात त्यांना सोबतीही मिळाला, आणि तो आजच्या कुठल्याही बॅकपॅकर हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये शोभला असता. ॲन्टन ग्वेट, जर्मनीतल्या वीसबाडेनचा, कोसंबींहून दोन वर्षांनी लहान, धंद्यानं व्हायोलिनवादक. वाटेत व्हायोलिन वाजवून पैसे मिळवत तो ग्रीस, इजिप्त, हिंदुस्थान, सिलोन असा ब्रह्मदेशात पोहोचला आणि १९०३ मध्ये रंगूनला श्रामणेर झाला. नाव मिळालं ज्ञानतिलोक. युरोपातून आलेल्या पहिल्या काही भिक्षूंपैकी तो एक, आणि पुढे मोठा पाली पंडित. हे दोघं मिळून उत्तर ब्रह्मदेशात सगाईंगच्या डोंगरात गेले. तिथल्या गुहेत राहणाऱ्या आणि अर्हत म्हणून ख्याती असलेल्या एका भिक्षूकडून ते ध्यान शिकले. गोव्याचा नारळवाला आणि वीसबाडेनचा व्हायोलिनवाला. ना भाषा एक, ना देश एक. दोघांनाही एकाच गोष्टीनं घराबाहेर काढलं होतं.

सगाईंग म्हणजे इरावतीच्या काठी, मंडालेपासून साधारण वीस किलोमीटरवर, पांढऱ्या आणि सोनेरी पॅगोड्यांनी भरलेल्या टेकड्या. मराठी माणसाच्या मनात मंडाले म्हटलं की तुरुंग येतो, कारण १९०८ ते १९१४ टिळक तिथे होते आणि 'गीतारहस्य' तिथे लिहिलं गेलं. टिळक येण्याआधी काही वर्षं, त्याच नदीच्या पलीकडच्या काठावर एक मराठी माणूस स्वतःहून एका गुहेत जाऊन बसला होता, हे मात्र आपल्या डोक्यात नसतं. आज तिकडे जायचा प्लॅन कोणी करत नाही. २०२१ च्या लष्करी उठावानंतर सगाईंगचा सगळा प्रदेश लढाईत होरपळला आहे, आणि २८ मार्च २०२५ च्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपाचं केंद्र त्याच परिसरात होतं. बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळतानाचा व्हिडिओ तुम्ही फोनवर पाहिला असेल, तो याच भूकंपाचा. इरावतीवरचा सगाईंगचा जुना पूलही त्यात पडला.

आता माझ्या आवडीचा भाग. कोसंबी तिथून काय घेऊन आले?

पालीला स्वतःची लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहलीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मीत, सयाममध्ये थाई लिपीत, आणि लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी रोमनमध्ये छापत होती. मजकूर तोच, एन्कोडिंग वेगवेगळं. शिवाय प्रत्येक देशाच्या हस्तलिखितांत पाठभेद. कुठे शब्द गळलेला, कुठे कारकुनानं शहाणपणा करून 'दुरुस्त' केलेला. ज्यानं दोन टीमचा कोड एकत्र मर्ज केला आहे त्याला हे दुखणं कळेल. (म्यानमारनं अगदी अलीकडे, १ ऑक्टोबर २०१९ ला, झॉजी नावाचा जुना फॉन्ट सोडून अधिकृतपणे युनिकोड स्वीकारलं. त्याआधी एका फोनवरचा मजकूर दुसऱ्यावर भलताच दिसायचा. बर्मी लिपीचं आणि गोंधळाचं नातं जुनं आहे.) मजकूर टिकवायची चिंता तिथल्या राजांनाही होती. थिबाचा बाप मिंडोन यानं मंडालेच्या कुथोडॉ पॅगोड्यात अख्खं त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं. राजपुत्र कैदेत गेला. शिळा उभ्या राहिल्या.

कोसंबींनी काय केलं, तर हे सगळं वाचायची ताकद स्वतःच्या डोक्यात भरून परत आणली. नागरीत वाचणाऱ्या माणसाला त्रिपिटक थेट समजावून सांगेल असा माणूस महाराष्ट्रात तेव्हा जवळजवळ नव्हता. पाली हिंदुस्थानातून गेली होती. ती परत आणायला कोणीतरी डेकवर बसून तिकडे जायला लागणार होतं.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले, चीवर उतरवलं, तिथल्या नॅशनल कॉलेजात आणि मग विद्यापीठात पाली शिकवू लागले. पुढे सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्यासमोर एक अजब ऑफर ठेवली: महाराष्ट्रात कुठेही राहा, दरवर्षी एक पुस्तक लिहा, बडोद्याकडून महिना ५० रुपये मिळतील. कलकत्त्यात यापेक्षा बराच जास्त पगार मिळत होता. त्यांनी ५० रुपये घेतले. त्यानंतरची गोष्ट इतकी मोठी आहे की यादीच होईल. 'विशुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या कामासाठी १९१० पासून चार वेळा हार्वर्ड, पुण्यात फर्ग्युसनमध्ये पालीचं अध्यापन, गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, आणि १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार'. आगबोटी बदलत गेल्या, माणूस फार बदलला नाही.

आणि बाळाबाई?

१९०६ मध्येच कोसंबी गोव्याला गेले. माणिक तेव्हा सात वर्षांची होती. तिनं बापाला ओळखायचा प्रश्नच नव्हता, कारण तिनं त्याला समजत्या वयात पाहिलंच नव्हतं. पुढच्या वर्षी, ३१ जुलै १९०७ ला, दामोदरचा जन्म झाला. संसार पुन्हा सुरू झाला. १९१८ मध्ये कोसंबी माणिक आणि दामोदर दोघांना अमेरिकेला घेऊन गेले. त्या काळात मुलीला शिकायला केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सला नेणारा बाप म्हणजे साधी गोष्ट नाही. कोणी याला भरपाई म्हणेल. मला ते तितकं सोपं वाटत नाही. सात वर्षं एका तरुण बाईनं पोर्तुगीज गोव्यातल्या एका गावात, नवरा जिवंत आहे की नाही, परत येणार की भिक्षूच राहणार, यातलं काहीही पक्कं माहीत नसताना काढली. गाव काय बोललं असेल त्याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. नवऱ्याचं 'निवेदन' छापलेलं आहे. बाळाबाईंची बाजू त्यांच्या शब्दांत आपल्याकडे नाही. 'सगळं सोडून' या शब्दांतलं 'सगळं' म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी माणूस असतो, आणि तो मागे घर सांभाळत असतो.

या पार्श्वभूमीवर १९४० साल बघा. कोसंबींचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक, 'भगवान बुद्ध', १९४०-४१ मध्ये दोन भागांत निघालं. प्रकाशक सुविचार प्रकाशन मंडळ, नागपूर. हो, आपलं नागपूर. त्या पुस्तकात कोसंबी ती रात्रीची गोष्ट टेबलावर घेतात आणि एकेक स्क्रू काढतात.

म्हातारा, आजारी, प्रेत, संन्यासी ही चार दृश्यं? ती दीघनिकायातल्या महापदान सुत्तात आहेत, पण तिथे ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रात येतात. तिथून उचलून ती गोतमाच्या चरित्रात चिकटवली गेली. शुद्ध कॉपी-पेस्ट. मध्यरात्रीचं पलायन? मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः आपल्या घर सोडण्याबद्दल सांगतो, आणि त्यात रात्र नाही, घोडा नाही, सारथी नाही. तिथे एवढंच आहे की तो ऐन तारुण्यात होता, आईवडिलांची इच्छा नव्हती, ते रडत होते, आणि तरी तो केस उतरवून निघाला. म्हणजे गुपचूप नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि कारण? सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे कोसंबी बोट दाखवतात. तिथे शस्त्र धारण करण्यामुळे आलेल्या भयाबद्दल बुद्ध बोलतो, आटत्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांच्या विरोधात उभी ठाकलेली माणसं त्याला दिसतात. म्हातारपण बघून हादरलेल्या राजपुत्रापेक्षा आपल्या लोकांच्या भांडणाला विटलेला माणूस कोसंबींना जास्त खरा वाटला. नंतर 'बोधिसत्त्व' या नाटकात त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातलं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण मध्यभागी आणलं.

मुलांच्या मासिकातल्या चरित्रानं ज्याला घराबाहेर काढलं, त्याच माणसानं समुद्रापलीकडून आणलेल्या विद्येच्या जोरावर दाखवून दिलं की आपल्या सगळ्यांना माहीत असलेली गृहत्यागाची गोष्ट सगळ्यात जुन्या मजकुरात नाही. हे लिहिताना त्यांना स्वतःचं १८९९ आठवलं असेल का? मला वाटतं, आठवल्याशिवाय राहिलं नसेल. पण ते तसं कुठेच सूचित करत नाहीत, पुरावा मांडतात आणि पुढे जातात. एक गोष्ट मात्र टोचते. त्या जुन्या सुत्तात आईवडील रडताना आहेत. बायकोचा उल्लेखच नाही.

कोसंबी शेवटच्या दिवसांत आपल्याच भागात आले. सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ ला देह ठेवला. नागपूरहून जेमतेम पाऊणशे किलोमीटर. आम्ही शाळेच्या सहलीत सेवाग्रामला जायचो, बापूकुटी बघायचो, डबा खायचो, परत यायचो. त्या अंगणात हा माणूस गेला, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

नंतरची गोष्ट दुसऱ्या प्रवाशाची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये दोनदा रंगूनला गेले. तेव्हा तिथे सहावी धम्मसंगीती चालू होती आणि डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषद भरली होती. तिथून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला केली. देहू म्हणजे तुकारामांचं गाव, आणि कोसंबींनी घर सोडण्याआधी बुद्धाच्या बरोबरीनं ज्याला वाचलं होतं तो हाच तुकाराम. बाबासाहेबांच्या 'द बुद्धा अँड हिज धम्म'मध्ये सिद्धार्थ घर का सोडतो? चार दृश्यांचं कारण ते सरळ नाकारतात. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य संघ युद्ध ठरवतो, सिद्धार्थ विरोध करतो, आणि परिव्रज्या पत्करतो. या मांडणीवर कोसंबींची छाप असल्याचं अनेक अभ्यासकांनी म्हटलं आहे. पण बाबासाहेब एक पाऊल पुढे जातात. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ जाण्याआधी यशोधरेशी बोलतो. ती जागी आहे. ती ऐकते, उत्तर देते आणि संमती देते. सुत्तात जी बाई नव्हती आणि रूढ कथेत जी झोपलेली होती, तिला तिथे वाक्यं मिळाली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा दिली ती कुशीनगरच्या भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी. ऐंशीच्या घरातले हे भिक्षू मूळचे ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावरचे. तरुणपणी हिंदुस्थानात आले आणि महावीर भिक्षूंच्या सोबत कुशीनगरला राहिले. हे तेच महावीर, ज्यांच्याकडे कोसंबी उतरले होते. आराकानचा तो किनारा, म्हणजे आजचं रखाइन, काही वर्षांपूर्वीपर्यंत न्गापाली बीचसाठी प्रवाशांच्या यादीत असायचा. आता तिथेही युद्ध आहे. त्या दिवशी मैदानात लाखो लोकांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. भाषा पाली.

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल लागतात. मेळघाटापासून मराठवाड्यापर्यंतची माणसं, पाठीवर कपड्यांच्या पिशव्या, रात्र फुटपाथवर काढलेली, सकाळी पुस्तकं चाळत असतात. गेल्या खेपेला मी 'भगवान बुद्ध'ची प्रत तिथल्याच एका स्टॉलवरून घेतली. माझ्या आधी एक आजी तेच पुस्तक हातात धरून उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, सोबतच्या नातीला त्या विचारत होत्या, "यात यशोधरेचं काय लिहिलं आहे, ते वाच आधी."